शरीरसौष्ठव स्पर्धेची तयारी: दुखरा खांदा, शेवटचा आठवडा आणि स्पर्धेनंतरची सूज

प्रश्न थोडक्यात असा: वय २६, उंची १७२ सेंमी, वजन ७८ किलो, शरीरातली चरबी अंदाजे १६ टक्के. १४ आठवड्यांनी जिल्हा पातळीवरची स्पर्धा आहे, ७० किलो गटात उतरायचं आहे. कुठलंही औषध घेत नाही. गेल्या वर्षी शेवटचे चार दिवस मीठ बंद आणि पाणी जवळपास बंद केलं, तरी स्टेजवर फ्लॅट (स्नायू सपाट, न भरलेले) दिसलो. स्पर्धेनंतर २० दिवसांत ११ किलो वाढलो, घोटे सुजले. आता बेंच प्रेस करताना उजव्या खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखतं. स्पर्धा करायची आहे, पण तब्येत घालवायची नाही. काय करावं?

आधी आकडेमोड करू, कारण ७० किलो गट ठरवताना ती झालेली दिसत नाही. ७८ किलोमध्ये १६ टक्के म्हणजे साडेबारा किलो चरबी आणि साडेपासष्ट किलो बाकीचं शरीर. स्टेजवर साडेपाच टक्के चरबी हवी असेल आणि वाटेत स्नायू अजिबात गेला नाही असं धरलं, तर वजन येतं ६९ किलोच्या आसपास. १४ आठवड्यांत ९ किलो, म्हणजे आठवड्याला साधारण ६५० ग्रॅम. औषधांशिवाय तयारी करणाऱ्याने आठवड्याला शरीरवजनाच्या अर्ध्या ते एक टक्क्यात राहावं, तेव्हा कागदावर हे बसतं. पण यात मोकळी जागा उरत नाही. एक व्हायरल ताप किंवा गावाकडचं एक लग्न, आणि दोन आठवडे गेले.

त्याहून मोठी शंका त्या १६ टक्क्यांबद्दल आहे. जिममधल्या ज्या काट्यावर अनवाणी उभं राहून टक्केवारी मिळते, तो शरीरातलं पाणी मोजतो आणि चरबीचा अंदाज बांधतो. सकाळी आणि रात्री त्याच माणसाचे आकडे तीन-चार टक्क्यांनी बदलतात. आणि बहुतेकांचा आकडा खऱ्यापेक्षा कमीच सांगितलेला असतो. समजा खरी चरबी २० टक्के निघाली, तर स्टेजचं वजन ६६ येतं आणि उतरवायचे १२ किलो होतात. ते १४ आठवड्यांत स्वच्छपणे होत नाही, स्नायू खाऊनच होतं. एक सोपी खूण सांगतो: खालच्या पोटाची कातडी उभ्याने चिमटीत धरा. चिमटीत बोटभर जाडीचा घट्ट थर येत असेल तर १६ विसरा. अशा वेळी हंगामातली १८ ते २० आठवड्यांनंतरची स्पर्धा धरा, आणि ही १४ आठवड्यांची स्पर्धा करायचीच असेल तर रंगीत तालीम समजून करा.

आहाराचं गणित कंटाळवाणं असलं तरी लिहून ठेवा. ७८ किलोच्या, रोज तासभर व्यायाम आणि आठ-दहा हजार पावलं चालणाऱ्या माणसाला वजन टिकवायला साधारण २६०० ते २७०० कॅलरी लागतात. सुरुवात २१०० ने करा. त्यात प्रथिनं १७० ग्रॅम, स्निग्ध पदार्थ ५५ ते ६० ग्रॅम, उरलेले सव्वादोनशे ग्रॅम कर्बोदकं. १७० ग्रॅम ऐकून घाबरायला नको: कच्चं वजन केलेलं २५० ग्रॅम चिकन ब्रेस्ट, दीडशे ग्रॅम मासे, दोन अख्खी अंडी, सहा अंड्यांचा पांढरा भाग आणि व्हे प्रोटीन पावडरचे दोन स्कूप, एवढ्यात झालं. डाळी आणि भाकरीतलं प्रथिन वरकड.

गणित चुकतं ते तीन ठिकाणी. पहिलं, कच्चं आणि शिजलेलं यांची गल्लत. १०० ग्रॅम तांदळाचा भात पावणेतीनशे ते तीनशे ग्रॅम होतो, आणि १०० ग्रॅम चिकन शिजून सत्तर-पंचाहत्तर भरतं. तक्ता कच्च्याचा आणि काट्यावर शिजलेलं, म्हणजे भातात उपाशी आणि चिकनमध्ये जास्त. दुसरं, फोडणी. एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी. घरच्या भाजीत माणशी दीड चमचा तेल सहज जातं आणि ते कुणीच लिहीत नाही. दाण्याचं कूट, खोबऱ्याची चटणी, दोन बोटं चाखलेलं काहीतरी, हे सगळं त्याच खात्यात. तिसरं, रविवार. सहा दिवस ५०० ची तूट आणि सातव्या दिवशी अडीच हजारांची बिर्याणी वर, म्हणजे आठवड्याची तूट उरते फक्त ५००.

वजन रोज सकाळी संडासहून आल्यावर, पाणी पिण्याआधी करा, पण निर्णय सात दिवसांच्या सरासरीवर घ्या. सलग दोन आठवडे सरासरी हलली नाही तरच बदल करायचा: एकतर कर्बोदकांतून १०० ते १५० कॅलरी कमी, किंवा रोजची दोन हजार पावलं जास्त. दोन्ही एकदम करू नका, पुढे कापायला काही उरत नाही. पावलं मात्र मोजाच. तूट वाढली की शरीर गुपचूप हालचाल कमी करतं. माणूस लिफ्ट घेतो, बसून बोलतो, पाय हलवणं थांबतं, आणि कार्डिओ वाढवूनही वजन का हटत नाही ते कळत नाही.

व्यायामाबद्दल एकच आग्रह. कटिंग (चरबी उतरवण्याचा काळ) म्हणजे हलकं वजन आणि जास्त रिप्स (एका सेटमध्ये वजन उचलण्याच्या खेपा), ही समजूत आपल्या जिममधून जायला तयार नाही. स्नायू टिकतो तो त्याच्यावर ताण आहे म्हणून. ऐंशी किलोचा रो (वजन पोटाकडे ओढण्याचा व्यायाम) करून बनलेली पाठ चाळीस किलोच्या पंचवीस रिप्सवर ठेवलीत, तर तूटीत असलेलं शरीर ती पाठ अनावश्यक ठरवतं. बारवरचं वजन शक्यतो तेच ठेवा आणि सेट कमी करा. एका स्नायूगटाला आठवड्याला १० ते १६ सेट, बहुतेक सेटमध्ये एक-दोन रिप्स हातच्या राखून, आणि शेवटच्या चार आठवड्यांत सेट एक तृतीयांशाने उतरवा. पोझिंग सहाव्या आठवड्यापासून रोज वीस-तीस मिनिटं. सातही सक्तीच्या पोझ प्रत्येकी १० ते १५ सेकंद श्वास न रोखता धरता आल्या पाहिजेत. पाय आधी लावायचे, मग कंबर, मग वरचं शरीर. नवखा नेमका उलट क्रमाने जातो आणि पंचांना मांड्या सैल दिसतात.

आता खांदा. बेंच प्रेसमध्ये बार छातीला टेकताना कोपर खांद्याच्या रेषेत बाहेर गेलेलं असेल, तर खांद्याच्या पुढच्या बाजूला बायसेप्सचा वरचा कंडरा आणि वरून येणारा छोटा फिरवणारा स्नायू, दोघांवर ओढ येते. तूटीत कंडरा सावकाश भरतो, म्हणून जेवताखाता असताना दोन आठवड्यांत गेली असती ती दुखी आता सहा-आठ आठवडे रेंगाळते. सहा आठवड्यांसाठी फ्लॅट बारबेल बेंच बंद. त्याजागी फ्लोअर प्रेस: जमिनीवर आडवं, कोपर जमिनीला टेकल्यावर थांबतं, त्यामुळे दुखणारा खालचा टप्पा आपोआप वगळला जातो. किंवा १५ ते ३० अंशांच्या बाकावर डंबेल, तळवे एकमेकांकडे, कोपर शरीरापासून साधारण ४५ अंशांवर. खाली जायला तीन सेकंद घ्या. डिप्स आणि मानेमागून प्रेस, दोन्ही बाद. दर एका प्रेसच्या सेटमागे दोन सेट रो किंवा फेस पुल (केबल चेहऱ्याकडे ओढणं) करा. कुशीवर झोपून दोन-तीन किलोच्या डंबेलने बाहेरच्या दिशेने फिरवणं, १५ चे तीन सेट, एक दिवसाआड.

दुखण्याचं मोजमाप ठेवा. दहापैकी तीनपर्यंतची दुखी चालते, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती आदल्या दिवसाइतकीच असली पाहिजे. सकाळी वाढलेली आढळली तर कालचं वजन किंवा सेट जास्त झाले. आणि बेंच बंद करूनही दुखणं थांबत नसेल तर स्क्वॉट तपासा. बार पाठीवर खाली ठेवून हात जवळ धरणाऱ्यांचा खांदा तिथेच सर्वात जास्त पिळला जातो, पण दोष कायम बेंचला मिळतो. हात दोन-दोन बोटं बाहेर सरकवले की पुष्कळांची अर्धी तक्रार जाते. त्याच कुशीवर झोपणं आणि रोजची डबल बायसेप्स पोझ (दोन्ही हात वर वळवून दंड दाखवणं), हेही त्याच खात्यात धरा.

ऑर्थोपेडिककडे थांबून न राहता जायच्या खुणा: रात्री दुखण्याने जाग येणं, हात बाजूने उचलताना ताकदच नसणं, किंवा वजन उचलताना काहीतरी तुटल्यासारखा आवाज येऊन काखेपासून दंडापर्यंत काळंनिळं होणं. शेवटची खूण छातीच्या स्नायूच्या फाटण्याची आहे. डेडलिफ्टमध्ये एक तळवा पुढे वळवून पकडणाऱ्यांचा कोपराजवळचा बायसेप्सचा कंडराही असाच जातो; दंडातला गोळा वर सरकलेला दिसतो. या दोन्ही दुखापतींत पहिले दोन-तीन आठवडे मोलाचे असतात, नंतर कंडरा आखडतो आणि शस्त्रक्रिया अवघड होते. ‘आधी स्पर्धा, मग दाखवू’ हे इथे चालत नाही.

एक गोष्ट डॉक्टरांना स्वतःहून सांगा: मी जड वजन उचलतो. पोट बिघडलं की आपल्याकडे सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लेव्होफ्लॉक्सासिन सहज दिलं-घेतलं जातं. या गटाच्या प्रतिजैविकांनी कंडरे कमकुवत होऊन तुटू शकतात, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ साली यावर सर्वात कडक इशारा छापायला लावला. पर्याय असेल तर डॉक्टर तो देतात. आणि डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेऊन व्यायाम रेटणं, तेही कमी पाणी पीत असताना, म्हणजे मूत्रपिंडाला दोन्ही बाजूंनी चेपणं.

गेल्या वर्षी तुम्ही फ्लॅट का दिसलात, हे समजलं की शेवटचा आठवडा निम्मा सोपा होतो. कल्पना अशी असते की कातडीखालचं पाणी काढलं की रेषा उघड्या पडतील. पण पाणी काढताना शरीर तुम्हाला विचारून जागा निवडत नाही. स्नायूचा जवळपास तीन चतुर्थांश भाग पाणीच आहे, आणि स्नायूत साठलेली प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेन (कर्बोदकांपासून बनलेला साखरेचा साठा) सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. पाणी तोडलं की आधी रक्ताचं प्रमाण घटतं, मग स्नायूतलं पाणी. रक्तच कमी, तर पंप (रक्त भरून स्नायू फुगणं) येणार कुठून? मीठही बंद असेल तर आतड्यातून ग्लुकोज आत ओढायला लागणारं सोडियम कमी पडू शकतं. म्हणजे भात खाता, पण तो स्नायूत भरत नाही, पोटात फुगतो. वर शिरा दिसेनाशा होतात. प्रेक्षकांतून कुणीतरी म्हणतं, ‘पाणी राहिलं रे अंगात.’ प्रत्यक्षात उलट झालेलं असतं.

यंदा असं करा. स्पर्धा रविवारी धरू. पायांचा शेवटचा जड व्यायाम मंगळवारी, वरच्या शरीराचा बुधवारी, मध्यम, निकामी होईपर्यंत नाही. सोमवार ते बुधवार कर्बोदकं किलोमागे दोन-अडीच ग्रॅम. गुरुवार आणि शुक्रवार किलोमागे सात, म्हणजे तुमच्या वजनाला दिवसाला ४८० ग्रॅमच्या आसपास, सहा-सात जेवणांत. शनिवारी चार-पाच ग्रॅम, आरशात बघून. पाणी पूर्ण आठवडा रोज चार-साडेचार लिटर, मीठ नेहमी खाता तेवढंच. शुक्रवारपासून भाकरी, मटकी, पालेभाजी, दूध बंद. भात, बटाटा, चिकन, अंड्याचा पांढरा भाग. तंतू कमी झाले की पोट आत जातं, आणि बरेचदा ज्याला लोक ‘ड्राय होणं’ म्हणतात ते एवढंच असतं. रोज सकाळ-संध्याकाळ त्याच दिव्याखाली, त्याच भिंतीपुढे तीन फोटो काढा. हा सगळा प्रयोग चार आठवडे आधी एकदा पूर्ण करून बघा. काहींचं शरीर सात ग्रॅमला भरून येतं, काहींचं पाचालाच सांडायला (कातडीखाली पाणी दिसायला) लागतं, आणि ते कुठल्याही तक्त्यात लिहिलेलं नसतं.

आता यातली खरी अडचण, जी ७० किलो गटवाल्यांना दरवर्षी बुडवते. स्नायूत ४०० ग्रॅम ग्लायकोजेन भरलं की त्यासोबत बाराशे ग्रॅम पाणी येतं: एकूण सोळाशे ग्रॅम. गुरुवारी ६९.२ असलेला माणूस शनिवारी ७०.८ होतो, आणि काट्यावर उभं राहिल्यावर आयोजक त्याला ७५ च्या रांगेत पाठवतात. तिथे पुढच्याचं वजन ७४.५. म्हणून नाव नोंदवतानाच विचारा की वजन आदल्या दिवशी घेणार की त्याच दिवशी, किती वाजता, आणि चड्डीवर की कपड्यांसह. वजन स्पर्धेच्या सकाळी असेल तर लोडिंग (कर्बोदकं भरणं) सुरू होण्याआधी तुम्ही ६८.३ च्या खाली हवेत. शनिवारी दुपारी असेल तर शुक्रवारचं लोडिंग अर्धं ठेवा आणि काटा झाल्यावर रात्री उरलेलं भरा. घाम काढून दीड किलो पाडू, हा पर्याय नाही. तो काट्यावर जिंकून देतो आणि स्टेजवर हरवतो.

स्पर्धेच्या दिवशी वेळापत्रकावर विश्वास ठेवू नका. पाचची वेळ, उद्घाटन सातला, पाहुण्यांची भाषणं, आणि तुमचा गट रात्री दहाला, हे धरूनच डबा बांधा. दर दीड तासाने ३० ते ४० ग्रॅम कर्बोदकं: भात-बटाटा, केळं, खजूर, ब्रेडवर जॅम. प्रत्येक वेळी चिमूटभर मीठ आणि पेलाभर पाणी. गट पुकारायच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी रबर बँडने पाठ, खांदे, छाती. २५-३० हलक्या रिप्स. मांड्यांना पंप देऊ नका, रेषा बुजतात आणि स्टेजवर पेटके येतात. पेटके येणं ही बरेचदा मीठ-पाणी कमी पडल्याचीही पावती असते.

तुम्ही औषध घेत नाही म्हणता, पण शेवटच्या आठवड्यात कुणीतरी ‘फक्त एक गोळी’ घेऊन येतंच. फ्युरोसेमाइड ही लघवी वाढवणारी गोळी; ती लघवीवाटे पाण्याबरोबर पोटॅशियम आणि मॅग्नेशियम घेऊन जाते. हृदयाचे ठोके बिघडतात. स्पायरोनोलॅक्टोन ही दुसरी लघवीची गोळी उलट पोटॅशियम अडवून ठेवते, आणि त्यावर पेटके येऊ नयेत म्हणून पोटॅशियमची पावडर घेतली तर हृदय थांबू शकतं. एका गोळीने एका बाजूने, दुसरीने दुसऱ्या बाजूने. व्यावसायिक शरीरसौष्ठवपटू मोहम्मद बेनाझिझा १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये हॉलंडमधली स्पर्धा जिंकल्यावर काही तासांतच गेला. ऑस्ट्रियाचा शरीरसौष्ठवपटू आंद्रेयास म्युन्झर १९९६ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या स्पर्धेनंतर काही दिवसांत, अवघ्या ३१ व्या वर्षी. दोघेही त्या काळातले सर्वात ‘ड्राय’ दिसणारे. आपल्याकडे अलीकडे जिममध्ये मेफेंटरमाइनची इंजेक्शनं फिरतात. भूल दिल्यावर रक्तदाब कोसळला तर तो चढवायला शस्त्रक्रियागृहात वापरायचं औषध आहे ते. व्यायामाआधी टोचून घेणं म्हणजे निरोगी माणसाचा रक्तदाब मुद्दाम भडकवणं. यावर याहून जास्त सल्ला नाही.

स्पर्धेनंतरच्या ११ किलोंकडे वळू. घाबरू नका, ती सगळी चरबी नव्हती. ११ किलो चरबी साठायला सुमारे ८५ हजार जादा कॅलरी लागतात. २० दिवसांत म्हणजे रोज गरजेपेक्षा सव्वाचार हजार जास्त, एकूण साडेसहा हजारांच्या पुढे. चार-पाच दिवस जमेल, सलग वीस दिवस कुणाला झेपत नाही. तीन-पाच किलो चरबी, बाकी ग्लायकोजेन, आतड्यातलं अन्न आणि मुख्यतः पाणी. आणि घोटे सुजले त्याचं कारण पुन्हा तेच, चार दिवसांची मीठबंदी. मीठ-पाणी तोडल्यावर शरीरात अल्डोस्टेरॉन (मीठ राखून ठेवायला लावणारं हार्मोन) चढतं आणि मूत्रपिंडं सोडियमचा कण न् कण अडवायला लागतात. स्पर्धा संपते रात्री अकराला, साडेअकराला वडापाव, मिसळ, चायनीज. मीठ आत येतं पण दार अजून बंदच असतं. वर अचानक वाढलेलं इन्सुलिनही सोडियम अडवतं. सकाळी मोज्याचा व्रण पायावर उमटलेला असतो आणि अंगठ्याने दाबलं तर खळगा राहतो. यंदा मीठ-पाणी तोडलंच नाही तर ही सूज बहुतांशी येणारच नाही. तरीही आली, आणि आठ-दहा दिवसांत उतरली नाही, किंवा दम लागतोय, लघवी कमी होतेय, तर थेट डॉक्टरकडे. सुजेवर स्वतःहून लघवीची गोळी घेऊ नका; तीच घसरगुंडी पुन्हा सुरू होते.

भूक आवरत नाही यात तुमच्या निर्धाराचा दोष नाही. अमेरिकेत १९४४-४५ साली मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांचं सुमारे चतुर्थांश वजन उतरलं. जेवण खुलं झाल्यावर पोट तट्ट भरलं तरी भूक भागेना, आणि चरबी मूळ पातळीच्याही वर गेली. दिवसभर पाककृती वाचत बसणं, ताटात अन्न ढवळत राहणं, चिडचिड, थंडी वाजणं, हे त्यांच्यातही होतं आणि शेवटच्या चार आठवड्यांत तुमच्यातही दिसेल. घरच्यांना आधी सांगून ठेवा.

उतार असा आखा. स्पर्धेची रात्र आणि दुसरा दिवस मोकळा, मित्रांबरोबर, ताटात वाढून; घरी डबे भरून गोड आणायचं नाही. मंगळवारपासून थेट २४०० कॅलरी, दोन आठवड्यांनी २६००. आठवड्याला पन्नास कॅलरी वाढवत न्यायची ‘रिव्हर्स’ पद्धत ऐकायला शिस्तीची वाटते, पण ती उपासमार दोन महिने लांबवते आणि शेवटी एखाद्या रात्री फुटते. पहिल्या आठवड्यात दोन-अडीच किलो वाढणं हिशोबातलं आहे. त्यानंतर आठवड्याला ४०० ग्रॅमने, आठ आठवड्यांनी ७४-७५ वर या. पोटाच्या रेषा पुसट होतील. त्या पुसट व्हायलाच हव्यात. पहिले दहा दिवस व्यायाम अर्धा, खांद्यालाही उसंत.

तब्येतीचा प्रश्न खरा इथेच आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात औषधं न घेणाऱ्या एका स्पर्धकाची वर्षभर मोजणी केली गेली. तयारीत चरबी १४.८ वरून ४.५ टक्क्यांवर आली, आणि त्याच काळात विश्रांतीच्या वेळची नाडी ५३ वरून २७ वर, टेस्टोस्टेरॉन मिलीलीटरमागे ९.२ वरून २.३ नॅनोग्रॅमवर. स्टेजवर टाळ्या घेणारं ते शरीर आतून सत्तरीच्या माणसासारखं चाललं होतं. स्पर्धेनंतर सहा महिन्यांत हार्मोन पूर्ववत आले, ताकद मात्र पूर्ण परतली नव्हती. म्हणून वर्षाला एक तयारी पुरे. लागोपाठ तीन स्पर्धा करायच्या असतील तर त्या सहा आठवड्यांच्या आत करा आणि मग आठ-दहा महिने पोटभर जेवून वाढा.

तपासण्या दोनदा: तयारी सुरू करण्याआधी आणि स्पर्धेनंतर दहाव्या-बाराव्या आठवड्यात. हिमोग्राम, सोडियम-पोटॅशियम, लिपिड, टीएसएच (थायरॉइड), फेरिटिन (लोहाचा साठा), ड जीवनसत्त्व, सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान टेस्टोस्टेरॉन. रक्त देण्याआधी पाच-सहा दिवस जड व्यायाम नको, नाहीतर एसजीओटी-एसजीपीटी (यकृताच्या तपासणीतले एन्झाइम) वाढलेले येतात आणि यकृत बिघडलं म्हणून घरात रडारड होते. स्नायूंतूनही हे एन्झाइम बाहेर पडतात, जीजीटी (यकृताच्या तपासणीतलाच आणखी एक एन्झाइम) व्यवस्थित असेल तर सहसा दोष व्यायामाचा असतो. मूत्रपिंडासाठी मोजतात त्या क्रिएटिनिनचंही तसंच. स्नायू जास्त आणि वर क्रिएटिन घेत असाल तर ते काठावर येतं, तेव्हा सिस्टॅटिन सी (मूत्रपिंडाचीच, पण स्नायूंवर फारशी न अवलंबणारी चाचणी) मागून घ्या. रक्तदाब घरी मोजा, आणि जाड दंडाला मोठा पट्टा वापरा. लहान पट्ट्याने दहा-पंधरा अंक फुकट वाढतात.

हे वाचणाऱ्या मुलींसाठी दोन ओळी, कारण त्यांना बहुतेक वेळा पुरुषांचाच तक्ता दिला जातो. पाळी हे तुमचं सर्वात स्वस्त आणि अचूक मोजमाप आहे. ती लांबायला लागली की तूट कमी करा; सलग तीन महिने आली नाही तर तयारी थांबवून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, कारण तेव्हा हाडांची घनता खर्ची पडत असते. गर्भनिरोधक गोळ्यांवर असताना येणारा रक्तस्राव ही पाळी नव्हे, त्यावरून सगळं ठीक आहे असं समजू नका.

तुमच्यापुरतं आता: उद्या सकाळपासून सात दिवस वजन आणि नाभीपाशी घेर लिहा, तेल चमच्याने मोजा, बेंचऐवजी फ्लोअर प्रेस. सहाव्या आठवड्याच्या शेवटी सरासरी ७४.५ च्या वर असेल, किंवा खांदा अजून तसाच दुखत असेल, तर या स्पर्धेची प्रवेश फी भरू नका; पुढच्या स्पर्धेच्या आयोजकांना फोन करून वजन किती वाजता घेतात ते विचारा.